अक्षरांचे उपासक : र. कृ. जोशी

पुस्तक वाचताना आपण लेखकाचे नाव पाहतो. चित्र आवडले, तर त्याखाली चित्रकाराची सही शोधतो. परंतु ज्या अक्षरांतून ते पुस्तक आपल्यापुढे येते, ती अक्षरे कोणी रेखिली, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. 'क' हा जणू आपोआपच उगवला असावा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः छापलेल्या अथवा संगणकाच्या पडद्यावर उमटलेल्या प्रत्येक अक्षरामागे कोणा तरी माणसाचा हात असतो, आणि त्या हाताला पुष्कळ वर्षांची साधना करावी लागते. इ. स. २००० नंतर महाराष्ट्रातील असंख्य कचेऱ्यांत, शाळांत आणि घरांत संगणकावर जी मराठी अक्षरे दिसू लागली, त्यांचा मोठा भाग एका मराठी कलावंताच्या देखरेखीखाली घडलेला होता. त्या कलावंताचे नाव रघुनाथ कृष्ण जोशी. साहित्याच्या आणि कलेच्या क्षेत्रांत ते र. कृ. जोशी या नावाने ओळखले जात.

त्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. मुद्रणाची यंत्रे आपल्याकडे युरोपातून आली. रोमन लिपीची अक्षरे सव्वीस. ती एकापुढे एक सुटी मांडली की शब्द तयार होतो. देवनागरीचे तसे नाही. येथे काना पुढे येतो, वेलांटी डोक्यावरून वळते, उकार पायाशी बसतो, आणि दोन-तीन व्यंजने एकमेकांत मिसळून जोडाक्षर होते. 'राष्ट्र' हा दोन अक्षरांचा शब्द. परंतु त्यातील दुसऱ्या अक्षरात ष, ट आणि र हे तिघेही दाटीने बसलेले आहेत. शिशाच्या खिळ्यांनी हे सारे जुळवावयाचे, तर शेकडो निरनिराळे खिळे लागत. मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी (१८३९-१८९२) यांनी हे काम अशा निगुतीने केले की, त्यांचे सुबक खिळे साऱ्या देशात नावाजले गेले. खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून पुढे लोकमान्य टिळकांनीही बराच खटाटोप केला. नंतर टंकलेखनयंत्र आले. त्याच्यावर कळा मोजक्याच. त्यामुळे कित्येक जोडाक्षरांचे पाय मोडून त्यांना कसेबसे उभे करावे लागे. प्रत्येक नवे यंत्र आले, की देवनागरीलाच अंग चोरून घ्यावे लागे. यंत्राने लिपीप्रमाणे वागावे की लिपीने यंत्राप्रमाणे, हा झगडा शंभर वर्षे चालू होता. जोशी या झगड्यात उतरले, तेव्हा त्यांनी लिपीची बाजू घेतली आणि अखेरपर्यंत सोडली नाही.

जोशींचा जन्म इ. स. १९३६ सालचा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी व्यावसायिक कलेचे शिक्षण घेतले. व्यावसायिक कला म्हणजे जाहिराती, वेष्टने, भित्तिपत्रके आणि पुस्तकांची मुखपृष्ठे यांची कला. शिक्षण संपल्यावर ते डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत चित्रकार म्हणून काम करू लागले. पुढे उल्का या जाहिरातसंस्थेत त्यांनी कलाविभागाची जबाबदारी सांभाळली आणि तेथे सुमारे वीस वर्षे काढली.

जाहिरातीच्या धंद्यात वेळ थोडा आणि घाई फार. त्या धंद्यात राहून कोणी अक्षरांचा सखोल अभ्यास करील, अशी अपेक्षा कोणी ठेवली नसती. शिवाय त्या काळी मोठ्या जाहिराती प्रथम इंग्रजीत लिहिल्या जात आणि नंतर मराठी, गुजराती, हिंदी, तमिळ या भाषांत उतरविल्या जात. इंग्रजी मजकुरासाठी शेकडो वळणांचे टंक निवडीला हजर असत. भारतीय भाषांसाठी मात्र जे हाती लागेल त्यावर भागवावे लागे. ही दरिद्री अवस्था जोशींना बोचत असे. परंतु नुसती खंत करून ते थांबले नाहीत. त्यांनी जुन्या पोथ्या पाहिल्या, शिलालेखांचे व ताम्रपटांचे वळण अभ्यासले, मोडीच्या गतिमान अक्षरांकडे लक्ष दिले. बोरू, कुंचला आणि टाक ही तिन्ही हत्यारे त्यांच्या हाती सारख्याच सहजतेने चालत. या अभ्यासाचा लाभ त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. आजचे नामवंत सुलेखनकार अच्युत पालव यांनी तरुणपणी मोडी लिपीचा जो अभ्यास केला, त्याला उल्का संस्थेची शिष्यवृत्ती आणि जोशींचे मार्गदर्शन लाभले होते.

जोशी कवीही होते. त्यांच्या कवितांत शब्दाचा अर्थ जितका महत्त्वाचा, तितकीच त्या शब्दाची कागदावरील जागाही महत्त्वाची असे. अक्षरे कोठे दाट, कोठे विरळ, कोठे मोठी, कोठे लहान मांडून ते कवितेलाच चित्राचे रूप देत. अशी कविता कानांनी ऐकावयाची, तशी डोळ्यांनी पाहावयाचीही असते. सर्वच वाचकांना ती रुचली असे नाही. परंतु अक्षर हे मुळात एक चित्र आहे, ही त्यांची दृष्टी त्या कवितांतून स्पष्ट दिसते. पुढे त्यांनी जे केले, त्याचे मूळ या दृष्टीतच आहे.

इ. स. १९८३ मध्ये त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. अंधेरी आणि घाटकोपर यांच्या दरम्यान, पवईच्या तलावाकाठी भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे. इ. स. १९५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत १९६९ पासून औद्योगिक अभिकल्पाचे एक केंद्र चालते. अभिकल्प म्हणजे एखादी वस्तू घडविण्यापूर्वी तिचे रूप आणि उपयोग यांचा केलेला विचारपूर्वक आराखडा. या केंद्रात जोशी दृश्य संवाद या विषयाचे प्राध्यापक झाले. जाहिरातीतील नाव आणि स्थैर्य सोडून, जवळजवळ सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका चित्रकाराने अभियंत्यांच्या गावी बिऱ्हाड थाटावे, हे धाडसच म्हटले पाहिजे. तेथे ते १९९६ पर्यंत शिकवीत होते.

दृश्य संवाद हे नाव भारदस्त असले, तरी विषय आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. रेल्वेस्थानकावर पाण्याच्या नळाजवळ पेल्याचे चित्र असते, जिन्यापाशी पायऱ्यांचे, इस्पितळात निरनिराळ्या विभागांच्या दारांवर निरनिराळी चिन्हे असतात. बोरिवलीला किंवा मुलुंडला गाडीतून उतरणारा प्रवासी कोणत्या प्रांतातून आला आहे आणि त्याला कोणती भाषा वाचता येते, हे ठाऊक नसते. म्हणून ही चित्रचिन्हे. ती काढणे दिसते तितके सोपे नाही. पाच चिन्हे काढली आणि एकाची रेघ जाड, दुसऱ्याची बारीक, एकात माणूस समोरून, दुसऱ्यात बाजूने असे झाले, तर पाहणारा गोंधळतो. साऱ्या चिन्हांना एकच चौकट, एकच रेघ, एकच वळण हवे. ती एका कुटुंबातील भावंडे दिसली पाहिजेत. तरीही प्रत्येकाचा अर्थ क्षणात वेगळा कळला पाहिजे. सारखेपणा आणि वेगळेपणा यांचा हा समतोल साधणे, हेच चित्रचिन्हे काढणाऱ्याचे खरे कसब आणि अक्षरे रेखणाऱ्याचेही तेच. फरक इतकाच की, चित्रचिन्हांचा संच वीस-पंचवीसांचा असतो, आणि देवनागरीचा जोडाक्षरांसह काही शतांचा.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट स्वतः करून पाहावी. कागदावर 'व' काढा. त्याच्या पोटात एक तिरपी रेघ दिली की 'ब' होतो. रेघ न देता उजवीकडे एक आकडी जोडली की 'क' होतो. 'प'च्या पोटात रेघ दिली की 'ष', आणि उजवीकडे आकडी जोडली की 'फ'. म्हणजे आपली वर्णमाला ही सुट्या आकृत्यांची रास नसून तिच्यात घराणी आहेत. काही अक्षरांचा दंड शेवटी असतो, जसे 'व', 'प', 'त'. काहींचा मध्ये, जसे 'क' आणि 'फ'. आणि 'ट', 'ठ', 'ड', 'द' यांना पूर्ण दंडच नाही, ती शिरोरेखेला टांगलेली असतात. अक्षरे घडविणाऱ्याने 'व'चे पोट एकदा ठरविले, की 'ब' आणि 'क' यांची पोटेही त्यावरून ठरतात. मात्र ती जशीच्या तशी उचलून चालत नाहीत. 'ब'च्या पोटातील रेघेमुळे ते अक्षर शेजाऱ्यांपेक्षा काळवंडलेले दिसते. म्हणून ती रेघ किंचित बारीक करावी लागते, पोट किंचित मोठे करावे लागते. 'ण' रुंद, तर 'र' चिंचोळा. दोघे शेजारी आले तर ओळीत खड्डा दिसू नये, याचीही काळजी घ्यावी लागते. मोजपट्टीने ही कामे पूर्ण होत नाहीत. शेवटी डोळा सांगेल तेच खरे.

आता प्रश्न आला संगणकाचा. बोरूने अक्षर काढताना हात फिरतो, बोरूच्या तिरप्या टोकामुळे रेघ आपोआप कोठे जाड, कोठे बारीक होते. संगणकाला हात नाही. त्याला फक्त आकडे कळतात. तेव्हा अक्षर आकड्यांत कसे सांगावे? त्याची रीत अशी : अक्षराच्या कडेवर योग्य त्या ठिकाणी बिंदू मांडावयाचे, प्रत्येक बिंदूची आडवी व उभी जागा आकड्यांत नोंदवावयाची, आणि दोन बिंदूंमधील वळण किती व कसे, तेही आणखी बिंदूंच्या साहाय्याने सांगावयाचे. संगणक हे बिंदू जोडून कड पुरी करतो आणि आतील भाग काळा भरतो. यामुळे एकदा नोंदविलेले अक्षर मुंगीएवढे लहान किंवा दाराएवढे मोठे केले, तरी त्याची कड फाटत नाही. बिंदू थोडे असावेत, पण नेमके असावेत. फार बिंदू मांडले की वळणे खडबडीत होतात. आज चित्रे काढण्याच्या संगणकीय साधनांतही हीच पद्धत असते, आणि चित्रचिन्हे काढणारी मुलेमुली ती शाळेतच शिकतात. परंतु १९८० नंतरच्या त्या वर्षांत असे साधन दुकानात मिळत नव्हते. ते घडवावे लागत होते.

हे साधन घडविण्याचे काम मुंबईच्याच उपनगरात झाले. जुहू येथे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते, इ. स. १९८५ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र पुढे प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, विलीन झाले. तेथील शास्त्रज्ञांबरोबर जोशींनी काम सुरू केले. भारतीय लिप्यांची अक्षरे संगणकावर रेखण्यासाठी जी कार्यपद्धती तयार झाली, तिचे नाव विन्यास. एका बाजूला गणिताची भाषा बोलणारे शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला बोरूच्या वळणाची भाषा बोलणारा कलावंत. या दोघांना एकमेकांचे बोलणे समजावून घ्यावे लागले. शास्त्रज्ञाने वळणाचे समीकरण मांडावे आणि कलावंताने सांगावे, की हे वळण बरोबर असेल, पण हात असा फिरत नाही. या प्रकारच्या सहकार्याला आपल्याकडे फारशी परंपरा नव्हती. जोशींचे मोठेपण मला यातच अधिक वाटते. पवईतील अध्यापन संपल्यानंतर त्यांनी आपली पुढील वर्षे जुहूच्या या केंद्रातच घालविली.

त्या सुमारास संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांची स्थिती मोठी चमत्कारिक होती. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक जगभर एकच होते. मराठीचे मात्र ज्याचे त्याचे निराळे. एका संस्थेच्या टंकात लिहिलेले पत्र दुसरीकडे उघडले, की त्यात निरर्थक खुणांचा खच दिसे. पुष्कळ टंकांत तर इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून तेथे देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. अशा लेखनात शब्द शोधता येत नसे, याद्या अकारविल्हे लावता येत नसत. असेच चालू राहिले असते, तर संगणकाच्या युगात मराठी मजकूर नुसते चित्र होऊन राहिला असता, भाषा म्हणून यंत्राला तो कधीच कळला नसता. जगातील सर्व लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला एकच कायमचा क्रमांक देण्याची युनिकोड नावाची योजना १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट राखून ठेवण्यात आला. परंतु क्रमांक मिळाले म्हणजे अक्षरे मिळाली असे होत नाही. क्रमांकाला रूप द्यावयास अक्षरे घडविणारा लागतो.

ते काम जोशींकडे आले. अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने इ. स. २००० मध्ये आपली विंडोज २००० ही प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यात देवनागरीसाठी 'मंगल' आणि तमिळसाठी 'लता' असे दोन टंक होते. दोन्हींचे दिग्दर्शन जोशींचे होते, आणि विनय सायनेकर हे त्यांचे सहकारी होते.

'मंगल' घडविताना दोन अडचणी होत्या. पहिली जागेची. त्या वेळचे संगणकाचे पडदे आजच्याइतके सूक्ष्म नव्हते. पडद्यावरील चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचे असते, आणि वाचनाच्या आकाराचे अक्षर अवघ्या पंधरा-वीस ठिपक्यांच्या उंचीत बसवावे लागे. तेवढ्यात डोक्यावर वेलांटी व मात्रा, मध्ये जोडाक्षर आणि खाली उकार! 'ष्ट्रू' असे काही आले, की ठिपके संपून जात. बोरूचे डौलदार जाड-बारीक वळण येथे उपयोगाचे नव्हते. म्हणून जोशींनी रेघ साधी आणि जवळजवळ एकसारखी ठेवली, अक्षरांची पोटे मोकळी ठेवली. जन्मभर बोरूच्या लयीवर प्रेम केलेल्या माणसाने ती लय स्वतःच्या हाताने बाजूला ठेवावी, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरी अडचण नियमांची. आपण 'कि' लिहिताना बोलतो आधी 'क', पण कागदावर वेलांटी आधी काढतो. संगणकात वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठविले जातात. दाखविताना मात्र ऱ्हस्व वेलांटी उचलून मागे न्यावी लागते. 'क' आणि 'ष' एकत्र आले की 'क्ष' हे तिसरेच रूप येते. 'र' तर बहुरूपी! तो 'सूर्य' शब्दात डोक्यावर बसतो, 'चक्र' शब्दात पोटात शिरतो, 'राष्ट्र' शब्दात पायाशी येतो. मराठीत त्याचे आणखी एक रूप आहे. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना, आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. या दोन शब्दांत भेद आहे तो केवळ 'र'च्या एका लहानशा वळणाचा. ते वळण नीट उमटले नाही, तर गुरुजी थेट स्वयंपाकघरात जातील! असे सारे नियम टंकाच्या पोटात लिहून ठेवावे लागतात, म्हणजे टंकलेखन करणाऱ्याने नुसते वर्ण दाबावेत आणि योग्य रूप आपोआप यावे. टंकलेखनयंत्राच्या काळात देवनागरीने यंत्रासाठी पाय मोडून घेतले होते. आता यंत्राला तिचे नियम पाठ करावे लागले.

'मंगल' हे अत्यंत देखणे अक्षर आहे असे म्हणता येणार नाही. जोशींनी हाताने काढलेल्या अक्षरांपुढे ते फिके आणि कोरडे वाटते. त्यातील 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीतली आहेत, ही मराठी वाचकांची तक्रारही रास्त आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात या दोन अक्षरांची मराठी वळणे सांगितली आहेत. पण दारावरच्या नावाच्या पाटीसाठी अक्षर घडविणे निराळे आणि कोट्यवधी लोकांनी लहानशा पडद्यावर तासन् तास वाचावे म्हणून घडविणे निराळे. अर्ज, दाखले, निकाल, बातम्या, पत्रे, कविता हे सारे त्या साध्या अक्षराने वर्षानुवर्षे वाहून नेले. कित्येक ठिकाणी सरकारी टंकलेखन परीक्षांत 'मंगल' हे नाव परीक्षार्थींच्या तोंडी बसले. इ. स. २०१२ नंतर विंडोजमध्ये भारतीय लिप्यांसाठी दुसरे टंकही पुढे आले, परंतु पहिली वाट पाडण्याचे काम 'मंगल'ने केले.

देवनागरीबरोबर इतर भारतीय लिप्यांसाठीही जोशींच्या दिग्दर्शनाखाली टंक तयार झाले. तेलुगूसाठी 'गौतमी', कन्नडसाठी 'तुंगा', गुरुमुखीसाठी 'रावी', गुजरातीसाठी 'श्रुती'. पुढे बंगालीसाठी 'वृंदा' आणि मल्याळमसाठी 'कार्तिका'. यांतील पहिली तीन नावे त्या त्या प्रदेशातील नद्यांची आहेत, हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येईल. प्रत्येक लिपीचा स्वभाव वेगळा. गुजरातीने शिरोरेखा टाकली आहे. कन्नड आणि तेलुगू अक्षरे गोलाकार, तर गुरुमुखीची अक्षरे डोक्यावरच्या रेघेखाली मांडलेली. एकाच माणसाने इतक्या लिप्यांशी इतका निकटचा संबंध ठेवल्याचे उदाहरण विरळा. याशिवाय जुहूच्या केंद्रातून 'रघु' नावाचे टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतील अशा रीतीने प्रसिद्ध झाले. ज्यांना महागडी प्रणाली विकत घेणे परवडत नव्हते, त्यांच्याही संगणकावर त्यामुळे भारतीय अक्षरे पोहोचली.

भारतातील सर्व भाषा एकाच लिपीत लिहिता याव्यात म्हणून जोशींनी 'देशनागरी' नावाची एक लिपीही योजिली होती. देवनागरीचा पाया घेऊन इतर भाषांतील विशेष उच्चारांसाठी तिच्यात नवी चिन्हे घातली होती. ती प्रचारात आली नाही. लोक आपल्या लिपीवर आईइतके प्रेम करतात. ती सोडून दुसरी घेण्यास ते सहसा राजी होत नाहीत. ज्या माणसाने प्रत्येक लिपीला तिचे स्वतःचे रूप मिळवून दिले, त्यानेच सर्वांसाठी एक लिपी कल्पिली होती, हे वाचून कोणास विरोध वाटेल. पण दोन्हींच्या मुळाशी एकच जिज्ञासा होती.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी एका फार जुन्या विषयाला हात घातला. वेद हे शतकानुशतके मुखोद्गत राखले गेले. लिहिताना त्यांतील स्वरांच्या चढउतारासाठी खास खुणा वापरल्या जातात. ऋग्वेदाच्या पोथ्यांत अक्षराखाली आडवी रेघ आणि अक्षरावर उभी रेघ दिसते. सामवेदाच्या पोथ्यांत अक्षरांवर अंक लिहिलेले असतात. वेगवेगळ्या शाखांच्या खुणा वेगवेगळ्या. या खुणांना युनिकोडमध्ये पुरेशा जागा नव्हत्या. म्हणजे हजारो वर्षे जपलेला ठेवा संगणकावर शुद्ध लिहिताच येत नव्हता. जोशींनी आपल्या सहकारी अलका इराणी यांच्यासह या खुणा गोळा केल्या, त्यांची वर्गवारी केली आणि त्यांना युनिकोडमध्ये स्थान मिळावे म्हणून सविस्तर प्रस्ताव मांडले. निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांशी यावर प्रदीर्घ चर्चा चालल्या. ते काम पुरे होण्यापूर्वीच, ५ फेब्रुवारी २००८ रोजी, अमेरिकेत असताना जोशींचे निधन झाले.

पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये युनिकोडची ५.२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात वैदिक खुणांसाठी एक स्वतंत्र गट होता आणि सामवेदाच्या अंकांसाठी देवनागरीच्या पुरवणीत जागा होती. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, जुलै २०१० मध्ये, भारत सरकारने रुपयासाठी एक नवे चिन्ह स्वीकारले. देवनागरी 'र' आणि रोमन अक्षर यांचा मेळ घालून, वर शिरोरेखा देऊन केलेले हे चिन्ह डी. उदयकुमार यांनी रेखिले होते. जोशींनी जेथे तेरा वर्षे शिकविले, त्या पवईच्या केंद्रातच ते तेव्हा संशोधन करीत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात त्या चिन्हालाही युनिकोडमध्ये क्रमांक मिळाला, आणि देशातील अक्षरे घडविणारे ते चिन्ह आपापल्या टंकांत रेखण्याच्या कामाला लागले.